अण्णांच्या घरची माणसे

थोर माणसाचे चरित्र हातात आले की मी आधी त्यात त्याच्या बायकोबद्दल काय लिहिले आहे ते शोधते. ही माझी जुनी खोड आहे. बहुतेक चरित्रांत तिच्या वाट्याला एक परिच्छेद येतो. त्यात ती सोशिक असते, पतीच्या कार्यात तिची मोलाची साथ असते आणि पुढच्या पानावर ती नाहीशी होते. मुलांचे तर त्याहून वाईट. 'त्यांना तीन मुलगे व दोन मुली' एवढ्यावर भागते. थोर माणूस घरात कसा होता, घराने त्याच्या थोरपणाची काय किंमत मोजली, हे आपल्याकडे विचारायचे नसते.

महर्षी कर्वे ह्याला अपवाद आहेत. म्हणजे अण्णांवर लिहिणाऱ्यांनी हे सगळे विचारले असे नाही; घरातली माणसेच बोलली. बायको बोलली, मुलगा बोलला, सून बोलली. एकाच घरातल्या इतक्या जणांनी आपल्या कर्त्या पुरुषाबद्दल, त्याच्या छायेतल्या आयुष्याबद्दल लिहून ठेवल्याचे दुसरे उदाहरण मराठीत मला तरी चटकन आठवत नाही. शाळेत मी वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकातले कर्वे शिकवले. घरातले अण्णा मला पुष्कळ उशिरा भेटले, आणि खरे सांगायचे तर ते जास्त आवडले.

पाठ्यपुस्तकातला भाग आधी आटोपते. धोंडो केशव कर्वे ह्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवलीचा, म्हणजे आजोळचा. घर दापोलीजवळच्या मुरूडला. सतरा वर्षांचे असताना परीक्षेला बसण्यासाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले, कुंभार्ली घाट चढून, चार दिवस. तिथे परीक्षा समितीच्या प्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा पोरगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठवले. मूर्ती लहान होती! ही गोष्ट मी वर्गात सांगितली की मुले हळहळायची आणि कोणी तरी हमखास विचारायचे, "बाई, मग ते परत पण चालतच गेले का?" पुढे मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली गणित घेऊन ते बी. ए. झाले. १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून पुण्यात आले आणि १९१४ पर्यंत तिथे शिकवत राहिले.

त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई. लग्नात त्या आठ वर्षांच्या, अण्णा पंधरा वर्षांचे. मुंबईत अण्णा पहाटेपासून शाळा आणि शिकवण्या करत फिरत असत, आणि १८९१ साली राधाबाई मुरूडला गेल्या. त्यांच्याबद्दल आपल्याला फारच थोडे ठाऊक आहे. त्यांनी काही लिहिले नाही. मागे रघुनाथ हा मुलगा राहिला.

मग ११ मार्च १८९३ रोजी अण्णांनी पुनर्विवाह केला. मुलगी विधवा, देवरूखच्या जोश्यांची गोदूबाई, अण्णांचे मित्र नरहरपंत जोशी ह्यांची बहीण. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर ती आनंदीबाई झाली. घरात आणि पुढे आश्रमात सगळे त्यांना बाया म्हणत. विधुराने विधवेशी लग्न करणे ह्यात आज कोणाला काही वाटणार नाही. तेव्हा विधुराने नऊ-दहा वर्षांची कुमारिका करणे हे रीतीला धरून होते, आणि हे मात्र नव्हते.

ह्या लग्नाची किंमत पहिल्यांदा कोणी मोजली? अण्णांनी? त्यांनी मोजलीच, पण ते पुण्यात होते आणि त्यांच्याभोवती सुधारक मित्र होते. मुरूडला त्यांची आई होती, थोरले भाऊ होते, बहीण होती. अण्णा पत्नीला घेऊन गावी गेले तेव्हा ब्राह्मण मंडळींची सभा भरली आणि ठराव झाले. कर्वे असतील त्या सभेत कोणी बसायचे नाही. त्यांना घरात घेतले तर त्या घरालाही वाळीत टाकायचे. लहान गावात वाळीत पडणे म्हणजे काय हे आज कळायचे नाही. मुंज, लग्न, श्राद्ध, अगदी मर्तिकालाही माणूस मिळायचे नाही. आईने मुलाला दारात थांबवायचे की सगळ्या घराला गावाबाहेर काढून घ्यायचे, हा पेच अण्णांच्या एका सत्कृत्यातून त्या माउलीसमोर उभा राहिला. अण्णा बरोबर होते ह्यात शंका नाही. पण बरोबर असणाऱ्याच्या मागे त्याची आई उभी असते, आणि तिला कोणी विचारलेले नसते.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला. १९०० साली तो हिंगण्याला गेला, रावबहादूर गणेश गोविंद गोखले ह्यांनी दिलेल्या सहा एकर माळावर बांधलेल्या झोपडीत. कॉलेजातले तास संपले की अण्णा चिखल तुडवत हिंगण्याला चालत जायचे, हातात आश्रमाचे सामानसुमान, आणि तिथे मुलींना शिकवायचे. हे चित्र सगळ्यांना माहीत आहे. पण अण्णा हिंगण्याच्या वाटेवर असायचे त्या वेळी पुण्यातल्या घरात काय चालले होते, हे फारसे कोणाला माहीत नसते.

तर घरात आनंदीबाई होत्या आणि मुले होती. शंकर, दिनकर, भास्कर आणि राधाबाईंचा रघुनाथ. आश्रमात आनंदीबाईंना जागा नव्हती! ज्या विधवांच्या शिक्षणासाठी आश्रम होता त्यांच्यातलीच एक, शिकलेली, कामाला वाघीण असलेली बाई, आणि तीच बाहेर. कारण साधे होते. अण्णांनी आश्रम आणि पुनर्विवाह ह्या दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या होत्या. इथे आणून मुलींची लग्ने लावून देतात अशी शंका जरी लोकांना आली असती तरी कोणी बापाने आपली विधवा लेक पाठवली नसती, वर्गणीही आटली असती. पुनर्विवाहित बाई आश्रमात वावरणे म्हणजे त्या शंकेला खतपाणी. सनातनी घरांतून आलेल्या विधवा मुली तिच्या पंक्तीला बसायला तयार नसत. आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले ही विधवाच राहिलेली. ती आश्रमाचा कणा झाली, वर्गणीसाठी तिने देश पालथा घातला. एका बहिणीला आश्रमाचे दार उघडे, दुसरीला बंद. अण्णांचा हिशोब चुकला असे मी म्हणणार नाही. गणिताचे प्राध्यापक होते, हिशोब बरोबरच होता. पण बाकी कोणाच्या अंगावर आली ते पाहावे.

शिवाय पैसा. अण्णांनी स्वतःची शिल्लक आश्रमाला दिली, आयुष्याचा विमा होता तोही आश्रमाच्या नावे करून टाकला. उद्या आपण नसलो तर चार मुलांच्या आईने काय करायचे, ह्याला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. किंवा होते, पण ते घराला पुरणारे नव्हते. आनंदीबाईंनी मग आपल्यापरीने सोय केली. नागपूरला जाऊन त्या सुईणीचे काम शिकून आल्या. घरात कायम नातलग, विद्यार्थी ह्यांचा राबता. त्या सगळ्यांचे त्यांनी केले. ह्याला 'मोलाची साथ' म्हणून एका ओळीत गुंडाळणाऱ्याला एकदा पंधरा माणसांचा स्वयंपाक करायला लावला पाहिजे.

हे मला कुठून कळले? स्वतः आनंदीबाईंकडून. त्यांचे 'माझे पुराण' १९४४ साली प्रसिद्ध झाले. सून कावेरीबाईंनी ते संपादित केले. साध्या, घरगुती बोलण्यातले पुस्तक आहे. तक्रार आहे तिथे तक्रार आहे, अभिमान आहे तिथे अभिमान, आणि दोन्ही एकाच पानावर असायला त्यांची हरकत नाही. माझ्या मनात भरले ते साल. १९४४! अण्णा तेव्हा हयात होते, शहाऐंशी वर्षांचे होते, देशभर त्यांना महर्षी म्हणत होते. अशा माणसाच्या घरात त्याची बायको बोलते, त्याची सून ते छापायला तयार करते, आणि पुस्तक बाहेर येते. मी कितीतरी सुधारकी घरे पाहिली आहेत, व्याख्यानात स्त्रीस्वातंत्र्य आणि घरात बायकोचा आवाज माजघरापलीकडे जायचा नाही. अण्णांनी आनंदीबाईंवर अन्याय केला असे मला वाटते. तो त्यांनी दडपला नाही, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. एकाने दुसरे फिटते असे नाही.

इथे थोडे घरचे सांगते. माझ्या वडिलांची एक आत्या होती, आमची आत्याआजी. अकराव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी सगळे संपले. तिच्या वडिलांनी, गावाचे न ऐकता, तिला हिंगण्याला नेऊन सोडले. नंतर तिने जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. तिच्या पगारावर माझ्या वडिलांचे शिक्षण झाले आणि तिच्या हट्टावर माझे. मी बी. ए. मराठीतून केले तेव्हा नातेवाइकांत कोणी म्हणाले, मराठीतून बी. ए. करून काय दिवे लावणार? आत्याआजी म्हणाली, "आमच्या अण्णांनी विद्यापीठच मराठीतून काढलं होतं." आणि ते खरे होते. १९१६ साली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलींवर त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले तेव्हा इंग्रजी विषय शिकवायचा, पण शिकवायचे मातृभाषेतून, हा त्याचा पाया होता. सरकारची मान्यता नव्हती, पदवीला बाजारात भाव नव्हता. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले. मातृभाषेचे पुढे काय झाले ते आपण बघतोच आहोत. असो.

आत्याआजीला मी पुष्कळदा बायांबद्दल विचारले. ती अण्णांबद्दल तासभर बोले, बायांबद्दल मात्र एकच वाक्य: "त्या होत्या म्हणून ते जमलं." हे वाक्य म्हणजे तोच चरित्रातला एक परिच्छेद, हे माझ्या खूप नंतर लक्षात आले. हिंगण्याच्या मुलीसुद्धा त्याच शाळेत शिकलेल्या!

आता थोरला मुलगा, रघुनाथ. वडिलांनी पुनर्विवाह केला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. १८९९ सालच्या मॅट्रिकला तो पहिला आला. बापासारखाच गणिताचा प्राध्यापक झाला, पॅरिसला जाऊन आला. इथवर सगळे सरळ. मग १९२१ साली ह्या माणसाने मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२५ साली त्याला कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ सालापासून त्याने 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, ते १९५३ साली मरेपर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले. एकात शंभर रुपये दंड झाला. १९३४ सालच्या खटल्यात त्याची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी निकाल विरुद्धच गेला. र. धों. आणि मालतीबाई ह्यांनी स्वतः मूल होऊ न देण्याचे ठरवले आणि पाळले. मासिकाचा तोटा पोटाला चिमटा घेऊन भरला.

वडिलांनी आश्रमापायी जे घराचे केले तेच मुलाने मासिकापायी स्वतःचे केले. फरक एवढाच की मुलाने त्यासाठी दुसऱ्या कोणाला जन्माला घातले नाही. मला कधी कधी वाटते, लहानपणी त्या घरात वावरताना रघुनाथच्या मनाने काही नोंदी केल्या असतील. हा माझा तर्क, पुरावा काही नाही. बापलेकांत एक मोठा भेदही होता. अण्णा लोकांना न दुखवता, त्यांना सवय होऊ देत एकेक पाऊल पुढे टाकणारे. म्हणून तर बायको आश्रमाबाहेर राहिली. र. धों.ना तडजोड नावाची गोष्ट ठाऊकच नव्हती. त्यांनी देव नाकारला, ब्रह्मचर्याचे गोडवे नाकारले, स्त्रीला तिच्या शरीरावर आणि सुखावर हक्क आहे असे लिहिले. हे त्या काळी अण्णांच्या वर्गणीदारांना झेपणे शक्य नव्हते. वडिलांना शंभरीत भारतरत्न मिळाले, मुलगा उपेक्षेत गेला. २००१ साली अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' आला तेव्हा पुष्कळांना ह्या मुलाचे नाव पहिल्यांदा कळले.

शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले, मोंबासाला. भास्कर आणि कावेरीबाईंनी हिंगण्याच्या संस्थेला वाहून घेतले. म्हणजे अण्णांनी ज्या कामापायी घराकडे पाहिले नाही, ते काम पुढे घरातल्याच एका मुलाने आणि सुनेने ओढले. ह्यांच्याबद्दल कमी लिहिले जाते. संस्था चालवणाऱ्यांचे तसेच असते.

दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक, फर्ग्युसनचे प्राचार्य. १९२६ साली त्यांनी इरावतीबाईंशी लग्न केले. इरावतीबाई वाढल्या रँग्लर परांजप्यांच्या घरी. ते अण्णांच्या नात्यातलेच. आता ऐका. लग्नानंतर इरावतीबाईंना पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला पाठवायचे ठरले तेव्हा घरातून विरोध कोणाचा झाला? अण्णांचा. स्त्रीशिक्षणासाठी सगळे आयुष्य घालवलेल्या माणसाला आपल्या सुनेचे शिक्षण एवढे पुरे वाटले. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. दिनकररावांनी मात्र डॉ. जीवराज मेहतांकडून कर्ज काढले आणि बायकोला बर्लिनला पाठवले. १९२८ ते १९३० त्या तिथे होत्या, मानवशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन आल्या. पुढे 'युगान्त' लिहिले, त्याला १९६८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणि सासऱ्यांवरही त्यांनी लिहिले. त्या लेखात आरती नाही. हा म्हातारा माणूस नेमका कसा आहे, त्याला माणसे दिसतात की फक्त काम दिसते, हे त्या निरखत राहतात. त्यांचा आदर ह्या निरखण्यातच आहे असे मला वाटते. दिनकररावांनीही १९६३ साली महाराष्ट्रातल्या पाच कुटुंबांवर इंग्रजी पुस्तक केले, त्यात स्वतःच्या घरालाही जागा दिली, आतल्या गोष्टींसकट.

अण्णांनी सुनेला अडवले, मुलाने वडिलांना न जुमानता तिला पाठवले. ह्यात अण्णा हरले की जिंकले? मला आजवर ठरवता आलेले नाही. बायकोला शिकवण्यासाठी वडिलांचे न ऐकणारा मुलगा घरात निपजणे ही साधी गोष्ट नाही. त्या मुलाने लहानपणापासून दुसरे काय पाहिले होते?

म्हातारपणीही अण्णा घरात बसले नाहीत. १९२९ साली एकाहत्तराव्या वर्षी विलायतेला निघाले, युरोप, अमेरिका, जपान आणि नंतर आफ्रिका. १९३६ साली अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले, आणि खेड्यांतल्या शाळांसाठी पुण्याच्या पेठांतून दारोदार वर्गणी मागत हिंडले. चाळीसेक गावांत शाळा निघाल्या. १९४४ साली, म्हणजे 'माझे पुराण' निघाले त्याच वर्षी, जातिभेद जावा म्हणून समता संघ. एकंदरीत हे गृहस्थ घरच्यांना काळजी करायला सवड देत नसत. आनंदीबाई १९५० साली गेल्या, रघुनाथ १९५३ साली. अण्णा दोघांच्याही मागे राहिले. १९५८ साली शंभरी झाली, भारतरत्न मिळाले, मुंबईच्या समारंभाला पंडित नेहरू आले. पंधरा नव्या पैशांचे टपाल तिकीट निघाले. हयात असताना तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय.

इस्टेट म्हणाल तर काही नव्हती. वारसा मात्र फांद्या फुटाव्यात तसा पसरला, आणि कोणी कोणाची नक्कल केली नाही. नातींमध्ये जाई निंबकर लेखिका झाल्या. गौरी देशपांडे ह्यांनी मराठी कथेतली बाई अशी काही लिहिली की आजोबांच्या पिढीला पत्ताही लागला नसता ही आपलीच नात म्हणून. नातू आनंद कर्वे ह्यांनी ग्रामीण तंत्रज्ञानात काम केले, चुलींवर, इंधनावर. चिखल तुडवत जाणाऱ्या आजोबांना ते पसंत पडले असते. हिंगणे बुद्रुकला आज कर्वेनगर म्हणतात.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी अण्णा गेले. चीनचे युद्ध चालू होते, घरात सगळे रेडिओला कान लावून बसलेले, आणि त्यातच ही बातमी आली. मी शाळकरी होते. आत्याआजी उठली आणि मागच्या दारी जाऊन तिने थंड पाण्याने अंघोळ केली. वडील म्हणाले, "आत्या, आपलं त्यांच्याशी सोयर नाही, सुतक कशाला?" ती म्हणाली, "गुरूचं तीन दिवस असतं." तीन दिवस तिने देवापुढे दिवा लावला नाही. चौथ्या दिवशी सकाळी डोक्यावरून पाणी घेतले, देवपूजा केली आणि शिकवणीला आलेल्या मुलींना ओसरीवर बसवून कालचे राहिलेले पाढे म्हणायला सांगितले.